म्हशीचा पार्ट

डोमाजीभाऊंसमोर बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायची सोय नाही. तुम्ही जरा श्वास घ्यायला थांबलात, एखादं नाव आठवेना म्हणून वर पाहिलंत, की डाव्या बाजूने कुजबुज येते आणि तुमचं वाक्य तुमच्याआधी पुरं होतं. ओठ हलत नाहीत, मान हलत नाही, पण ती कुजबुज अंगणाच्या त्या टोकाला बसलेल्या बहिऱ्या म्हातारीलासुद्धा स्वच्छ ऐकू जाते.

मागे आमच्या गावात एका घरी पोरगी पाहायला पाहुणे आले होते. डोमाजीभाऊ शेजारी म्हणून बसलेले. पाहुण्यांनी नाव विचारलं, पोरगी लाजून थांबली, भाऊंनी नाव सांगितलं. इथवर ठीक. मग पाहुणी म्हणाली, "सैपाक येते का?" पोरगी पुन्हा थांबली आणि कोपऱ्यातून आलं, "येते, पण मी एकटीच काऊन करू?" घाबरलेल्या पोरीने ते जसंच्या तसं म्हणून टाकलं. दोन्ही घरचे लोक गार! पण मुलगा खळखळून हसला आणि लग्न जमलं. आज तो बिचारा पोळ्या लाटतो, आणि बऱ्यापैकी गोल लाटतो असं त्याची बायको सांगते.

सरपंचांची गोष्ट तर सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. झेंडावंदनाच्या भाषणात ते "आज आपल्या या देशावर" एवढं म्हणून अडले. मागून कुजबुज आली, आणि सरपंचांनी मूठ आवळून, छाती पुढे काढून आवाज लावला, "राणीसरकार, घात झाला!" टाळ्या मात्र त्या वर्षी सगळ्यात जास्त पडल्या.

यात भाऊंचा दोष नाही हो. माणसाने सारी उमर जे केलं ते असं एका दिवसात सुटत नाही. डोमाजीभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. आमच्याकडे दिवाळी झाली, धान कापून झालं, की होळीपर्यंत गावोगावी नाटकं चालतात. नट आज या गावात एक नाटक करतो, उद्या त्या गावात दुसरं, तालमीला वेळ कोणाला आहे? म्हणून पडद्याआड एक माणूस पुस्तक घेऊन बसतो आणि सगळ्यांची सगळी वाक्यं अर्धं पाऊल आधी सांगत जातो. राजाचंही तोच सांगतो, राणीचंही, आणि मेलेल्या माणसाने मरताना काय म्हणायचं तेही तोच सांगतो. लोक नटाचं नाव घेऊन शिट्ट्या मारतात. प्रॉम्प्टरचं तोंड कोणी पाहिलेलं नसतं.

मग भाऊंचा आवाज बसला. बसला तो उठलाच नाही. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता रात्रीची जागरणं बंद, आणि बोलणं बेताचं. भाऊंनी जागरणं बंद केली.

त्या हिवाळ्यात हा माणूस आमच्या वाचनालयात येऊन बसू लागला. आमचं गाव चामोर्शी तालुक्यातलं, वाचनालय दोन खोल्यांचं, आणि ग्रंथपाल मी, कुंदा. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडणारी, झाडणारी, पाणी भरणारी आणि उरल्या वेळात पुस्तकं देणारी. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला आश्चर्य वाटायला नको. भाऊ पेपर वाचायचे तो कुजबुजत. आत्महत्येची बातमी, सोयाबीनचा भाव, हरवलेल्या माणसाची जाहिरात, सगळं एका सुरात, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं वैतागली. एकाने सराव परीक्षेत उत्तर म्हणून टोमॅटोचा भाव लिहिला. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही त्या मागच्या खोलीत बसा. तिथी लहान पोरांच्या पुस्तकांची आलमारी आहे. तिथी कोणी येत नाई."

खरंच कोणी येत नव्हतं. मायबाप यायचे, पण त्यांची मागणी वेगळी. "पोराचं इंग्रजी सुधरते असं द्या." "स्कॉलरशिपले कामी पडते असं द्या." एक बाई तर म्हणाली, "मोबाईल सोडते असं पुस्तक हाय का बाई तुमच्याजवळ?" गोष्टीचं पुस्तक दिलं की दोन्ही बाजू उलटून पाहायचे आणि विचारायचे, "याच्यातून का भेटते?"

भाऊंनी त्या खोलीत बसून सगळी आलमारी वाचून काढली. अर्थात कुजबुजत. मग एक दिवस बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्या आलमारीतले निम्मे पुस्तकं पडेल आहेत."

"पडेल म्हणजे?"

"म्हणजे नाटक पडते ना, तसे. हे पाहा. याच्यातली मुंगी पान पान भाषण देऊन राह्यली. मुंगी एवढी बोलन तं साखर कवा नेईन? अन् हे दुसरं. लिहिणाऱ्यानं एकडाव मोठ्यानं वाचून पाह्यलं असतं तं त्यालेच दम लागला असता. वाक्य तोंडात बसलं पाह्यजे बाई. तोंडात नाई बसलं तं डोक्यात कायचं बसते!"

मी चिडले. पुस्तकं मी निवडलेली होती. पण घरी जाऊन ते मुंगीचं पुस्तक मोठ्याने वाचून पाहिलं आणि तिसऱ्या पानावर मलाच जांभई आली. दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही. ते मात्र बोलले. "जांभई आली ना?"

त्या दिवसापासून लहान मुलांच्या पुस्तकांतलं कोणाला कोणतं द्यायचं, हे खातं भाऊंनी परस्पर आपल्याकडे घेतलं. आणि त्यांची पद्धत अशी की पोराला काही विचारायचंच नाही. पोराला घेऊन बाई आली की भाऊंचा पहिला प्रश्न, "घरी पात्रं किती?"

"अं?"

"मायबाप, आजा-आजी, काका-काकू. कंपनीत कोण कोण आहे ते सांगा. भांडते कोण? लाजते कोण? तोंड फुगवून बसते कोण?"

हे सगळं ऐकून घेतल्यावर ते आलमारीपुढे उभे राहायचे, बोटाने पुस्तकांच्या पाठी चाचपायचे, एक पुस्तक काढायचे, आणि तिथल्या तिथे पार्ट वाटून द्यायचे. "याच्यात एक कोल्हा आहे. तो बापाले द्या. एक आजीबाई आहे, ती पोट्टीले द्या. आजीले पोट्टी करा. अन् हे पाहा, पार्ट न वाटता पुस्तक वाचलं असं मले समजलं, तं पुढचं पुस्तक भेटणार नाई." मोबाईल सोडणारं पुस्तक मागणाऱ्या बाईला ते म्हणाले, "हाय ना. पण त्याच्यात पाच पार्ट आहेत अन् पाचही जणाले दोन हात लागतात. मोबाईल कोण धरते मंग?"

लोकांना वाटलं बुढ्याचं डोकं फिरलं. मलाही तसंच वाटलं. पण नाटकाचं वेड आमच्या रक्तातच आहे. पार्ट मिळाला म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस आमच्या भागात जन्मायचा आहे. आधी एक घर, मग शेजारचं, मग पाण्याच्या टाकीपलीकडचे ढिवर लोक, ज्यांचे बाप दिवसभर तलावावर जाळी घेऊन असतात, तेही संध्याकाळी हातपाय धुऊन येऊन विचारू लागले, "भाऊ, आमच्या कंपनीले काही नवं हाय का?"

चुका झाल्या नाहीत असं नाही. एका घरात सासू-सुनेचा अबोला होता. भाऊंनी मुद्दाम असं पुस्तक दिलं की ज्यात वाघीण कोल्हिणीला फाडफाड बोलते, आणि वाघीण केली सुनेला. सुनेने पार्ट असा रंगवला की पुस्तक संपलं तरी ती थांबेना, पुस्तकात नव्हतं तेही बोलून गेली. सासू दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी. "तुमच्या पुस्तकात माझ्या माहेरचं नाव कुठी आहे ते दाखवा मले!" भाऊ आतून कुजबुजले, "आता पार्ट बदला. उद्या वाघीण तुम्ही." म्हातारी गेली ती हसतच गेली. अबोला सुटला. भांडण सुरू आहे, पण बोलून.

आणि एकदा एका पाच वर्षांच्या पोराला त्यांनी भुताचं पुस्तक दिलं. मी नको म्हणत होते. तीन रात्री पोराने अंथरूण ओलं केलं आणि त्याची आई गादी घेऊन वाचनालयात आली. अख्खी गादी! मी भाऊंना झाप झाप झापलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले, मग म्हणाले, "चुकलंच. भुताचं पुस्तक आजीच्या मांडीशिवाय देऊ नाई. त्या घरी आजी नाई, हे मी इचारलंच नाई." तेव्हापासून भुतांची पुस्तकं वेगळ्या फळीवर आहेत, आणि ती फक्त आजीसोबतच मिळतात.

त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे म्हशीचं. त्याचं कव्हर फाटलेलं, लिहिणाऱ्याचं नाव गेलेलं. गोष्ट साधी आहे. एक म्हैस सकाळी बोडीत, म्हणजे आमच्याकडे शेताजवळ लहान तळं असतं त्यात, जाऊन बसते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. मालक काठावरून ओरडतो. पाटील हुकूम देतो. कासारीण लाडीगोडी लावते. वाजंत्री वाजवतात, वैद्य नाडी पाहायला जातो आणि चिखलात पडतो, एक बेडूक सगळ्यांना सल्ले देतो. म्हैस ढिम्म. दिवस कलायला येतो, लोक कंटाळून घरी जातात. मग मालक जोडे काढतो, पाण्यात उतरतो आणि काही न बोलता तिच्या बाजूला बसून राहतो. शेवटून दुसऱ्या पानावर म्हैस तोंड उघडते. सगळ्या पुस्तकात तिचं एकच वाक्य आहे, "किती उशीर केला." शेवटच्या पानावर नुसतं चित्र, दोघं घरी चालले आहेत.

हे पुस्तक भाऊ मोठ्या कंपनीलाच द्यायचे, कारण पात्रं भरपूर. पण एक गोष्ट मला कळेना. म्हशीचा पार्ट ते कोणालाच देत नसत. "म्हशीच्या जागी उशी ठेवा, पोतं ठेवा, काही ठेवा. तो पार्ट राखीव आहे." एकच वाक्य आहे म्हणून सोडत असतील, असं मी धरून चालले होते.

मग झालं ते गणपत किराणावाल्याकडचं प्रकरण. गणपतच्या घरी भावांची बायकापोरं मिळून चांगली मोठी कंपनी. त्यांना म्हशीचं पुस्तक दिलं. एवढ्या लोकांना कोणाचं वाक्य कुठे, ते कळेना, म्हणून भाऊ स्वतः गेले. संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसले आणि सवयीने प्रॉम्प्टिंग सुरू केलं. आता विचार करा, पावसाळ्याचे दिवस, नाटकाला अजून किती तरी अवकाश, आणि गावाच्या कानावर डोमाजी प्रॉम्प्टरची कुजबुज पडली! ज्याने ऐकलं त्याला वाटलं, गणपतच्या अंगणात नाटक लागलं. थोड्याच वेळात लोक चादरी घेऊन येऊ लागले. जागा धरायला सुरुवात झाली. बायका लेकरांना स्वेटर घालून घेऊन आल्या, उकाडा असून! चणे-मुरमुरेवाल्याने फाटकापाशी गाडी लावली. आणि नाटकाचं उद्घाटन आपल्याशिवाय कसं होईल म्हणून सरपंच नारळ घेऊन हजर.

आत गणपतची आई कासारीण होऊन एका कोंड्याच्या पोत्याला लाडीगोडी लावत होती. बाहेर सारा गाव. म्हातारीने वर पाहिलं, ओरडली, "अवो माय!" आणि पदर तोंडावर घेतला. मला वाटलं आता हे लोक चिडतील. नाटक नाही, लहान पोरांचं पुस्तक आहे म्हणून शिव्या घालतील. पण सरपंच म्हणाले, "चालू द्या, चालू द्या! पाटलाचा पार्ट कोण करते?" पाटील गणपतचा दहा वर्षांचा पुतण्या होता. सरपंचांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं म्हणालं, "काका, तुमीच करा." सरपंचांनी नारळ फोडला, फेटा सारखा केला आणि कोंड्याच्या पोत्याला हुकूम दिला. या वेळी राणीसरकारचा घात झाला नाही. सगळं वाक्य बरोबर आलं.

त्याचा व्हिडिओ मी काढला. रात्री घरी पाहताना मला काय दिसलं सांगू? सगळे लोक नटांकडे पाहून हसत होते, आणि भाऊ एकटे त्या पोत्याकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं. "भाऊ, हे पोतं किती दिवस चालवायचं? म्हशीचा पार्ट राखीव आहे तं कोणासाठी?"

भाऊ फळीवरची पुस्तकं सारखी करू लागले. मग म्हणाले, "सुनंदीचा आहे तो पार्ट."

सुनंदा म्हणजे त्यांची एकुलती पोरगी. माझ्या वर्गातली. हैदराबादला असते, चांगल्या नोकरीत आहे, एक मुलगी आहे. आई गेल्यापासून ती गावी राहायला अशी आलेलीच नाही. सणावाराला फोन. बापलेकीत भांडण नाही, भांडण असतं तर मी एका दुपारी मिटवलं असतं. पण गोष्ट जुनी आहे आणि मी तिथे होते.

आम्ही चौथीत होतो. शाळेचं गॅदरिंग हिवाळ्यातच असतं, म्हणजे ऐन नाटकांच्या दिवसांत. सुनंदाला राणीचा पार्ट होता, मला झाडाचा. मी पळसाची फांदी धरून उभी होते. सुनंदा पहिली दोन वाक्यं झकास बोलली आणि तिसऱ्याला अडली. तिने मान वळवून पडद्याआड पाहिलं. तिथे बाप असेल असं तिला खरंच वाटलं होतं. साऱ्या झाडीपट्टीला वाक्य सांगणारा तिचा बाप त्या रात्री आरमोरीकडे कुठे तरी दुसऱ्या राणीला वाक्य सांगत होता. ही पोरगी पाहत राहिली, पाहत राहिली, आणि मुकुट काढून स्टेजवरून खाली उतरली. दुसऱ्या दिवशी भाऊ दुपारी आले आणि झोपले. हंगामात ते दिवसा झोपायचेच. उठले तोवर तिचं सांगायचं राहून गेलं होतं.

मग ती मोठी झाली, आणि मग दुसरंच होऊन बसलं. ती फोनवर काही सांगायला लागली, जरा थांबली, की भाऊ तिचं वाक्य पुरं करून टाकत. "बाबा, मले तुम्हाले असं सांगाचं होतं का," आणि इकडून, "का तब्येत सांभाळा. हाव, सांभाळतो." ती एकदा माझ्याजवळ फोनवर रडली होती. "कुंदे, ते मले माझं वाक्य बोलूच देत नाई. तवा पाह्यजे होतं तं सांगाले नव्हते, अन् आता मले नको तं थांबत नाईत."

हे मी भाऊंना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. राग आला होता मला, दोघांचाही. ते ऐकत राहिले. मी मध्ये दोनदा अडले, पण त्यांनी कुजबुज केली नाही.

मग घरी जाऊन मी सुनंदाला तो व्हिडिओ पाठवला आणि खाली बोलून ठेवलं, "सुनंदे, नीट पाह्य. तुझा पार्ट कोंड्याचं पोतं करून राह्यलं. लाज वाटते का तुले? मले तं वाटते." तिचं उत्तर आलं नाही. दोन महिने आलं नाही. मला वाटलं, कुंदे, तुझ्या तोंडानं तू हेही बिघडवलं.

पण दिवाळीला ती आली. एका दिवसासाठी म्हणून आली, सोबत पोरगी पिहू. सात वर्षांची, तेलुगू बोलणारी, इंग्रजी वाचणारी, मराठी तिला समजतं पण वाचता येत नाही. सगळ्या गावाला पुस्तकं सांगणारा हा माणूस त्या सकाळी माझ्याकडे धावत आला, पायात चपला वेगवेगळ्या. "बाई, सात वर्षांच्या पोट्टीले कोणतं देऊ? तिच्या घरच्या पात्रांचं मले काहीच माहीत नाई." मी आलमारीतून म्हशीचं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "चला, मीबी येते." वाचनालयाला कुलूप लावलं. दिवाळीत येतंय कोण!

त्यांच्या ओसरीवर बसलो. सुनंदा आत शेव करत होती. तिने मला पाहिलं, पाणी आणून दिलं आणि पुन्हा आत गेली. भाऊंनी पुस्तक उघडलं. पिहूला वाचता येत नव्हतं, म्हणून ते कुजबुजत वाक्य सांगायचे आणि ती मोठ्याने म्हणायची. दोनच पानांत पोरगी रंगली. पाटील ती, कासारीण ती, वैद्यही ती. चिखलात पडायचं आलं तेव्हा ती खरोखर ओसरीवरून अंगणात पडली आणि लगेच उठून म्हणाली, "आबाजी, अगेन!" मला बेडूक केलं होतं. सल्ले द्यायचे होते, मला काही जड गेलं नाही. कंपाउंडच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली, एकाच्या खांद्यावर चादर. मी बेडकाच्याच आवाजात त्यांना हाकललं.

"आबाजी, म्हैस कोण?" पिहूने विचारलं.

भाऊंनी दाराकडे पाहिलं. दारात सुनंदा उभी होती, हाताला बेसन. किती वेळची उभी होती कोण जाणे.

"मले कोणता पार्ट आहे?" ती म्हणाली.

भाऊंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला वाक्य आठवेना. पिहूने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि थेट त्यांच्यासारखी कुजबुजली, "सांगा ना, तू म्हैस."

"तू म्हैस," भाऊ म्हणाले.

सुनंदा येऊन पायरीवर बसली. खरंच एखादी म्हैस बसावी तशी, पाठ आमच्याकडे करून. पिहूने भराभर पाटील आटोपला, कासारीण आटोपली, वाजंत्री तोंडाने वाजवली. लोक घरी गेले. मग मालकाची पाळी आली. तो पार्ट भाऊंचा होता. ते उठले, त्या दोन वेगळ्या चपला काढून ठेवल्या, आणि लेकीच्या बाजूला पायरीवर जाऊन बसले. पुस्तक मिटून मांडीवर.

आता म्हशीचं वाक्य. सुनंदा समोर पाहत होती. तिचे ओठ हलले आणि थांबले. मला ती चौथीतली राणी दिसली. पळसाची फांदी धरलेली मीही आठवले. तिने हळूच मान वळवली आणि बापाकडे पाहिलं, जसं तेव्हा पडद्याआड पाहिलं होतं.

वाक्य भाऊंना पाठ होतं. माझ्याही जिभेवर आलं होतं. पिहू तर सांगायला पुढेच सरकली. भाऊंनी तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मग लेकीला म्हणाले, "घे वेळ. मी इथीच आहो. कुठीच जात नाई."

आणि गप्प बसले. आतून तेल करपल्याचा वास येऊ लागला, पण मी उठले नाही. वाक्य गिळून बसणं या माणसाला किती जड जात असेल, हे आमच्या गावात कोणालाही विचारा.

मग सुनंदा म्हणाली, "किती उशीर केला, बाबा."

पुस्तकात 'बाबा' नाही. मी पान पाहिलेलं आहे.

"हाव," भाऊ म्हणाले. कुजबुजून नाही, त्यांच्या त्या बसलेल्या, फाटक्या, खऱ्या आवाजात. "लय उशीर केला, पोरी." आणि सुनंदा बेसनाच्या हातानेच त्यांचा दंड धरून रडू लागली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. मी तर बेडूक होते, माझा पार्ट केव्हाच संपला होता.

पिहूला कोणी रडण्याचं कारण सांगितलं नाही. तिने भाऊंच्या मांडीवरचं पुस्तक ओढून घेतलं, शेवटचं पान उघडलं, त्यावरचं चित्र नीट पाहिलं आणि दोघांच्या पाठीवर एकेक थाप मारली.

"आता उठा दोघं. या पानावर घरी जायचं आहे."